एल्बचा काठ, कीलचा कालवा : जहाजं टिपण्यासाठी पाच दिवसांचा बेत

जहाजांचे चांगले फोटो बंदराच्या आत मिळत नाहीत. एक तर आत जाऊ देत नाहीत. १ जुलै २००४ पासून जगभर लागू झालेल्या बंदर-सुरक्षा नियमांमुळे टर्मिनलच्या कुंपणाआड पर्यटकाला जागाच उरलेली नाही. शिवाय धक्क्याला लागलेलं जहाज क्रेनच्या पायांत अडकलेलं असतं आणि अर्धं दिसतं. फोटो मिळतो तो बंदराकडे येणाऱ्या वाटेवर, जिथे जहाज चालत असतं, मोकळं असतं आणि काठाच्या जवळून जातं. त्यासाठी उत्तर जर्मनीतली एल्ब नदी आणि तिला बाल्टिक समुद्राशी जोडणारा कीलचा कालवा यांच्याइतकी सोयीची जोडी क्वचितच सापडते. हॅम्बुर्ग समुद्रापासून शंभर किलोमीटरहून आत आहे. त्यामुळे चारशे मीटर लांबीची कंटेनर जहाजंसुद्धा नदीतून, गावांच्या अंगणासमोरून जातात. कालव्यात तर ती शेतातून चालल्यासारखी दिसतात.

आपल्याकडे हा छंद काठावरून मोकळेपणाने करता येत नाही. मोठ्या बंदरांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा असतो, नौदलाच्या गोदीकडे कॅमेरा वळवणं अंगाशी येतं. जर्मनीत सार्वजनिक काठावरून कुणी हटकत नाही. उलट बाक टाकलेले असतात आणि जहाजाचं नाव भोंग्यावरून सांगतात.

कधी जायचं

मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. जूनमध्ये हॅम्बुर्गला सूर्य पाचच्या आसपास उगवतो आणि दहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे सतरा तासांचा उजेड. डिसेंबरात चारलाच अंधार पडतो. विमानभाडं वाचवायला हिवाळा निवडला तर निम्मी जहाजं काळोखात निघून जातात. हॅम्बुर्गचा बंदर-वाढदिवस मेच्या पहिल्या पंधरवड्यात आणि कीलचा नौकानयन-सप्ताह जूनच्या अखेरीस असतो. तेव्हा शिडाची जहाजं भरपूर दिसतात, पण खोल्या महाग होतात आणि कठड्याला कोपर टेकायला जागा मिळत नाही. मालवाहू जहाजंच बघायची असतील तर हे दोन्ही टाळलेले बरे.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळी गर्दीत भेटीची वेळ मिळणं हीच खरी अडचण, म्हणून तीन महिने आधी हालचाल करा. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. देशभरच्या लोकल, बस आणि साध्या प्रादेशिक गाड्यांना चालणारं मासिक 'डॉइचलांड-टिकेट' २०२६ मध्ये ६३ युरोंना आहे. पाच दिवसांच्या या बेतात ते बहुधा वसूल होतं आणि हॅम्बुर्गच्या बंदरातली ६२ क्रमांकाची फेरीबोटही त्यातच येते. मात्र ते वर्गणीसारखं आपोआप पुढे चालू राहतं. घेतलं की लगेच रद्द करण्याची तारीख फोनमध्ये नोंदवा.

कोणतं जहाज कुठे, किती वाजता

सगळा बेत या हिशोबावर उभा आहे. ३०० टनांवरच्या आंतरराष्ट्रीय जहाजांना एआयएस नावाचं उपकरण बंधनकारक आहे. ते जहाजाची जागा, वेग आणि दिशा सतत प्रसारित करतं, आणि 'मरीनट्रॅफिक' किंवा 'व्हेसलफाइंडर'च्या नकाशावर ती फुकट दिसते. नवखे लोक त्या नकाशातलं 'गंतव्य' आणि 'पोहोचण्याची वेळ' वाचून निघतात आणि फसतात. या दोन्ही गोष्टी जहाजावरचा अधिकारी हाताने भरतो. मागच्या प्रवासातल्या बंदराचं नाव तसंच राहिलेलं असतं. वेळही बहुतेकदा जागतिक प्रमाणवेळेत असते, जर्मनीतल्या उन्हाळी वेळेपेक्षा दोन तास मागे. त्यात कुणाचं घड्याळ अजून भारतीय वेळेवर असेल तर आणखी साडेतीन तासांचा घोळ. विश्वास ठेवायचा तो जागेवर आणि वेगावर.

एल्बवरची अंतरं ठरलेली आहेत. नदीच्या किलोमीटर-मोजणीत मुखाजवळचं कुक्सहाफेन ७२४ वर, कालवा जिथे सुरू होतो ते ब्रुन्सब्युटेल साधारण ६९६ वर, वेडेलचा शुलाऊ धक्का ६४१ वर आणि हॅम्बुर्गचा लांडुंग्सब्र्युकेन धक्का ६२३ वर. म्हणजे कुक्सहाफेनहून वेडेल ८३ किलोमीटर आणि ब्रुन्सब्युटेलहून ५५. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. जहाज १२ नॉटने येत असेल तर ताशी २२ किलोमीटर. ब्रुन्सब्युटेलसमोरून गेल्यावर अडीच तासांनी वेडेलला. एआयएसचा वेग जमिनीच्या सापेक्ष असतो, त्यामुळे भरती-ओहोटीचा प्रवाह त्यात धरलेलाच असतो, वेगळा मिळवू नका. वेडेलच्या पुढे वेग आठ-दहा नॉटवर येतो आणि टग (जहाज ओढणाऱ्या छोट्या बोटी) जोडले जातात.

भरतीचं वेळापत्रक मात्र हवंच. पाण्यात खोल बसलेली जहाजं भरतीच्या लाटेबरोबर आत येतात. कुक्सहाफेनला पूर्ण भरती झाल्यावर साडेतीन-चार तासांनी ती हॅम्बुर्गला होते; तेवढ्या अवधीत जहाज लाटेच्या पाठीवर चढून येतं. बाहेर जाणाऱ्या भरलेल्या जहाजाला वाटेत समोरून ओहोटी भेटते, म्हणून त्याला निघायला अरुंद वेळ मिळते. परिणाम असा, की मोठी जहाजं दिवसभर विखुरलेली नसतात. दोन-तीन तासांत पाठोपाठ येतात आणि मग नदी रिकामी. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी आठला असलेला घोळका चार दिवसांनी अकरा-साडेअकराला दिसेल. पाचपैकी कोणते दिवस हॅम्बुर्गला द्यायचे, ते यावरून ठरवा.

सूर्य कुठल्या काठावर

एल्ब साधारण आग्नेयेकडून वायव्येकडे वाहते. उत्तर काठावर उभं राहिलं की तोंड दक्षिणेला, म्हणजे सकाळी दहा ते दुपारी चार सूर्य भिंगात आणि जहाज काळं. दक्षिण काठावर तोच सूर्य पाठीशी. गंमत अशी, की प्रसिद्ध जागा बहुतेक उत्तर काठावर आहेत.

वेडेलचं 'विलकॉम-हॉफ्ट' घ्या. १९५२ पासून इथे येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजांना झेंडा झुकवून सलामी देतात आणि जहाज ज्या देशात नोंदलंय त्या देशाचं राष्ट्रगीत लावतात. अनुभव म्हणून एकदा घ्यावाच. पण फोटोसाठी उन्हाळ्यात इथल्या दोनच वेळा कामाच्या. सकाळी आठच्या आत सूर्य ईशान्य-पूर्वेला असतो, तेव्हा आत येणाऱ्या जहाजाचा पुढचा भाग उजळतो. संध्याकाळी सातनंतर सूर्य पश्चिम-वायव्येला, तेव्हा बाहेर जाणाऱ्याचा. सकाळी येणारी, संध्याकाळी जाणारी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. मधल्या वेळेत समोरच्या ल्यूहे धक्क्यावर जा. शुलाऊहून छोटी प्रवासी फेरी तिथे जाते. फळबागांचा प्रदेश, बंधाऱ्याचा उंचवटा, माशाच्या पावाच्या टपऱ्या, आणि मुख्य म्हणजे दिवसभर पाठीमागे सूर्य. फेरीचं वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं, परतीची शेवटची फेरी आधी पाहून ठेवा. ती चुकली तर बसने मोठा वळसा पडतो.

पहिला आणि दुसरा दिवस : हॅम्बुर्ग आणि वेडेल

मुक्काम आल्टोना भागात करा. एस-१ लोकल इथून वेडेलला अर्ध्या तासात पोहोचवते, पुढे धक्क्यापर्यंत वीसेक मिनिटं चालणं किंवा बस.

पहिल्या दिवशी लांबचा पल्ला नको. लांडुंग्सब्र्युकेनहून ६२ ची फेरी धरून फिंकेनवेर्डरपर्यंत जायचं आणि परत यायचं. वरच्या डेकवर जाताना डाव्या बाजूला बसा. टर्मिनलं त्या अंगाला आहेत. फेरी गर्दीची असते, संध्याकाळी पाच ते सात टाळा. डेक थरथरतो, म्हणून शटर १/५०० सेकंदापेक्षा मंद ठेवू नका आणि कठड्याला हात टेकवून फोटो काढू नका. कंप थेट कॅमेऱ्यात उतरतो.

परतताना नॉयम्युलेन-अवेलगॉन्नेला उतरा. समोर वाल्टरसहोफची कंटेनर टर्मिनलं आणि अलीकडे चक्क वाळूचा किनारा. दुपारी इथे प्रकाश विरुद्ध, पण सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने आकाश गडद निळं आणि क्रेनचे दिवे पिवळे, तेव्हा ही जागा उजवी. तिपाई वाळूत खोल रोवा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, भिंगाचं छिद्र एफ/८, शटर चार ते पंधरा सेकंद. चालतं जहाज चौकटीत असेल तर हे आकडे निरुपयोगी. त्याची फक्त रेघ उमटेल. तेव्हा आयएसओ ३२००, एफ/२.८ आणि शटर १/६० किंवा त्याहून जलद.

याच वाळूवर सावध राहायची गोष्ट आहे. मोठं जहाज अरुंद पात्रातून जाताना आधी काठाचं पाणी स्वतःकडे ओढून घेतं. वाळू एकाएकी उघडी पडते, लोक कौतुकाने पुढे सरकतात, आणि मग तेच पाणी लाट होऊन परत येतं. पिशव्या, तिपाया, चपला घेऊन जातं. लहान मूल उभं राहू शकत नाही इतका जोर असतो. जहाज जवळ येताना पाण्याच्या रेषेपासून दहा पावलं मागे आणि सामान त्याहून वर.

दुसरा दिवस वेडेल-ल्यूहेचा. हेच जहाज वेडेलला टिपून पुन्हा अवेलगॉन्नेला गाठायचा मोह होतो. जहाजाला तासाभरात पोहोचायचं असतं, तुम्हाला चालणं, लोकल आणि बस मिळून सव्वा तास लागतो. धक्क्याला लागण्याआधी जहाज टगने फिरवलं जातं, तेवढा वेळ पदरात पडला तर गाठ पडते. एरवी धावपळीत मागून येणारी दोन जहाजं हुकतात.

तिसरा दिवस : कुक्सहाफेन

हॅम्बुर्गहून प्रादेशिक गाडीने पावणेदोन तास. नदीच्या मुखाशी 'आल्टे लीबे' नावाचा दुमजली लाकडी डेक आहे. हॅम्बुर्गला जाणारं आणि कालव्यात शिरणारं, दोन्ही प्रकारचं जहाज इथून जातं, म्हणून संख्येच्या हिशोबाने ही सगळ्यात भरलेली जागा. ध्वनिक्षेपकावर जहाजाचं नाव, कुठून कुठे, लांबी-रुंदी सांगतात. तोंड ईशान्येला, त्यामुळे दुपारनंतर सूर्य पाठीशी. डेक दुरुस्तीसाठी बंद नाही ना ते आधी पाहा. असला तर बाजूच्या बंधाऱ्यावरून काम भागतं. वारा इथे जूनमध्येही बोचतो. वारा अडवणारं जाकीट आणि कानटोपी लागते. भिंगावर खारट तुषार बसतात, ते कोरड्या फडक्याने घासायचे नाहीत, आधी ओल्या फडक्याने टिपायचे.

चौथा दिवस : रेंड्सबुर्ग

एकच दिवस हाती असेल तर तो इथे द्यावा. कीलचा कालवा १८९५ मध्ये खुला झाला. एल्बवरचं ब्रुन्सब्युटेल ते बाल्टिकवरचं कील-होल्टेनाऊ, जवळपास ९९ किलोमीटर. त्यामुळे डेन्मार्कला वळसा घालावा लागत नाही. जहाजांच्या संख्येत हा जगातला सर्वांत वर्दळीचा कृत्रिम जलमार्ग आहे. सुएझ किंवा पनामाएवढी प्रचंड जहाजं मात्र इथे दिसणार नाहीत. लांबी २३५ मीटर, रुंदी ३२.५ मीटर आणि पाण्यावरची उंची ४० मीटर ही मर्यादा, कारण पूल ४२ मीटरांवर आहेत.

हॅम्बुर्गहून रेंड्सबुर्गला येणारी गाडी १९१३ च्या लोखंडी पुलावरून कालवा ओलांडते आणि शहरावरून गोल फेरा घेत खाली स्टेशनात उतरते. खिडकीशी बसा. पुलाखाली दोरांना टांगलेला एक पाळणा आहे, 'श्वेबेफेअर'. माणसं, सायकली आणि चार मोटारी घेऊन तो पाण्याच्या थोडं वरून कालवा ओलांडतो. जानेवारी २०१६ मध्ये जहाजाशी टक्कर होऊन जुना पाळणा निकामी झाला. नवा मार्च २०२२ पासून सुरू आहे. पैसे लागत नाहीत. कालव्यावरच्या साध्या फेरीबोटीही फुकटच. कालवा खणताना तुटलेल्या वाटा जोडून द्यायची जबाबदारी सरकारने घेतली, ती अजून चालू आहे. जोराचा वारा सुटला की पाळणा बंद ठेवतात.

शहर उत्तर काठावर. पाळण्यातून दक्षिणेला ओस्टेररॉनफेल्डकडे उतरा, म्हणजे सूर्य पाठीशी. पूल, टांगता पाळणा आणि जहाज तिन्ही एका चौकटीत हवी असतील तर पुलापासून दोनतीनशे मीटर बाजूला सरका. अगदी खाली उभं राहिलं की पुलाचं नुसतं पोट दिसतं. पूल उत्तर काठावरच्या जहाज-सलामीच्या उपाहारगृहातूनही छान दिसतो, पण तिथे दुपारी प्रकाश समोरून.

वेळेचा हिशोब इथे सोपा आहे. कालव्यात वेगमर्यादा ताशी १५ किलोमीटर, मोठ्यांना १२. ब्रुन्सब्युटेलचे लॉक (पाण्याची पातळी जुळवणारे दरवाजाबंद हौद) सोडल्यापासून रेंड्सबुर्गचा पूल सुमारे ६० किलोमीटर, म्हणजे चार ते पाच तास. होल्टेनाऊकडून ३५ किलोमीटर, सव्वादोन ते तीन तास. त्यात एक गोष्ट हिशोब बिघडवते. दोन मोठी जहाजं अरुंद भागात एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. त्यांच्यासाठी मध्ये मध्ये रुंद जागा आहेत, एकेरी रेल्वेमार्गावर गाडी बाजूला घेतात तशा. लाल दिवे लागले की जहाज तिथे थांबतं, कधी पाऊण तास. नकाशावर जहाजाचा वेग एकाएकी शून्य झाला तर घाबरू नका, ते बाजूला उभं आहे. आणि समोरून कुणीतरी मोठं येतंय, हीच त्यातली बातमी.

भाड्याची सायकल घेतली तर काठाच्या सपाट रस्त्याने वेस्टररॉनफेल्ड, पुढे र्युस्टरबेर्गेनपर्यंत जाता येतं. तिथे जहाज न थांबता कालव्याचा पायलट (जहाजाला वाट दाखवणारा स्थानिक जाणकार) बदलतो. छोटी होडी बाजूला लागते, शिडी टाकली जाते. इतकं जवळून, इतक्या शांत पाण्यात हे दृश्य दुसरीकडे मिळत नाही. कालवा इतका अरुंद आहे, की डेकवरचा माणूस हाक ऐकतो. जहाजांवर भारतीय खलाशी भरपूर, त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गचेही असतात. हात हलवला तर बहुतेक जण उत्तर देतात.

पाचवा दिवस : कील

रेंड्सबुर्गहून गाडीने पाऊण तासाच्या आत. होल्टेनाऊचा टीसेनकाय धक्का उत्तर काठावर, लॉकमधून सुटलेली जहाजं तिथून खाडीत निघताना दिसतात. दक्षिण काठावरचं विक आणि होल्टेनाऊ यांच्यामध्ये पादचाऱ्यांची फुकट होडी आहे. इथली हमखास गोष्ट म्हणजे ओस्लोची फेरीबोट : रोज सकाळी दहाला येते, दुपारी दोनला सुटते. बाकीचा दिवस कोरडा गेला तरी ती मिळतेच. ब्रुन्सब्युटेलचे लॉक, १९१४ चे ३१० मीटर लांब आणि ४२ मीटर रुंद, बघण्यासारखे आहेत; पण तिथे प्रवासी रेल्वे नाही. मोटार असेल तरच अर्धा दिवस काढा.

भिंग किती मिलिमीटरचं

अंदाज नको, गणित करा. पूर्ण चौकटीच्या (फुल-फ्रेम, ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यासाठी : ३६ गुणिले अंतर, भागिले जहाजाची लांबी. वेडेलला ६०० मीटरवर ४०० मीटरचं जहाज असेल तर ५४ मिलिमीटर. दोन्ही टोकांना हवा ठेवायची तर ४५. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला ३६ ऐवजी २३.५ धरा. म्हणजे लोक पाठीवर बांधून नेतात ती ६०० मिलिमीटरची तोफ इथे बहुतेक वेळ पिशवीतच राहते. कालव्यात उलट अडचण. २०० मीटरचं जहाज ८० मीटरवरून सरळ बाजूने टिपायला १४ मिलिमीटर लागतं आणि ते केळ्यासारखं वाकलेलं दिसतं. तिथे जहाज अजून दोन-तीन लांबी दूर असतानाच, पुढच्या अंगाने तिरपं टिपावं, ७० ते १०० मिलिमीटरवर. २४-१०५ आणि ७०-२००, दोन भिंगांत सगळा दौरा होतो.

उजेडात १/५००, एफ/८, आयएसओ आपोआप. पांढरी केबिन आणि काळा सांगाडा (जहाजाचं खालचं अंग) एकत्र आले की कॅमेरा काळ्याला भुलतो आणि पांढरं जळून जातं. उजेड दोन-तृतीयांश पायरी कमी करा, फाइल रॉ (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) रूपात ठेवा. पोलरायझर (चकाकी कमी करणारी काच) वाइड भिंगावर लावू नका, आकाशात एक गडद पट्टा पडतो. दुपारी लांब भिंगातून काढलेले फोटो स्पष्ट का येत नाहीत म्हणून लोक भिंगाला दोष देतात. कारण हवा असते. तापलेल्या पत्र्यावरची आणि पाण्यावरची हवा हलते. यावर कॅमेऱ्यात उपाय नाही. जवळ जा किंवा सकाळी या.

ड्रोन घरी ठेवा. जर्मनीत मोठ्या जलमार्गांच्या आणि बंदरांच्या भोवती उड्डाणावर निर्बंध आहेत.

नोंद कशी ठेवायची

बाजूवर मोठ्या अक्षरांत असतं ते बहुधा कंपनीचं नाव. २०२१ मध्ये सुएझ अडवणाऱ्या जहाजाच्या अंगावर 'एव्हरग्रीन' लिहिलेलं होतं, जहाजाचं नाव 'एव्हर गिव्हन'. खरं नाव पुढच्या टोकाला आणि मागे, मागच्या नावाखाली नोंदणीचं बंदर. म्हणून प्रत्येक जहाज निघून जाताना मागून एक फोटो घ्याच, सुंदर नसला तरी.

नाव आणि मालक बदलतात. सात आकडी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक मात्र जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. तो मागच्या बाजूला किंवा केबिनवर लिहिलेला असतो. धूसर फोटोतून वाचताना चूक झाली का, ते तपासता येतं : पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा, बेरजेचा शेवटचा आकडा सातव्या आकड्याशी जुळला पाहिजे. 'एव्हर गिव्हन'चा क्रमांक ९८११००० : ६३ अधिक ४८ अधिक ५ अधिक ४, बेरीज १२०, शेवटी शून्य, आणि सातवा आकडाही शून्य.

फाइलचं नाव तारीख, जागा, आयएमओ क्रमांक, मग जहाजाचं नाव, या क्रमाने द्या. नावाने सुरुवात केली तर तीन वर्षांनी रंग आणि नाव बदलून आलेलं तेच जहाज तुमच्या संग्रहात दोन जहाजं होऊन बसतं. हे काम त्याच रात्री उरका. तिसऱ्या दिवसापर्यंत तीनशे निळे सांगाडे एकसारखे दिसायला लागतात.